धुरकरी : झाडीपट्टीतील शंकरपट आणि एका मोसमी पेशाचा इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपिकाच्या प्रदेशाला झाडीपट्टी असे नाव आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि सावली, तसेच गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली आणि चामोर्शी या तालुक्यांचा मोठा भाग तिच्यात मोडतो. उत्तरेकडे ती भंडारा-गोंदियापर्यंत पसरलेली आहे, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी बोली, सोयरिकी, बाजार आणि सणवार यांच्या बाबतीत या पट्ट्याचे विभाजन कधी झालेच नाही. या प्रदेशातील हिवाळ्याचा सर्वांत मोठा सार्वजनिक खेळ म्हणजे शंकरपट, अर्थात हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांची सरळ धावपट्टीवरील शर्यत. शंकरपटाविषयी आजवर जे बोलले व लिहिले गेले त्यात बैल आहे, बैलाचा मालक आहे, जत्रा आहे आणि अलीकडच्या काळात न्यायालयही आहे. जोडी हाकणारा धुरकरी मात्र त्यात क्वचितच दिसतो. वास्तविक या दोन जिल्ह्यांत अंगच्या खेळकौशल्यावर मोसमी कमाई करणाऱ्या माणसांचा जुना वर्ग शोधायचा झाल्यास, तो प्रथम धुरकऱ्यांमध्ये शोधावा लागतो.

हा खेळ हिवाळ्यातच का रुजला, याचे उत्तर धानाच्या वेळापत्रकात आहे. मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात चिखलणी करून रोवणी उरकायची, हलके धान दिवाळीच्या आसपास आणि भारी धान त्यानंतर महिनाभरात कापायचे, कापलेल्या धानाचे पुंजणे रचायचे आणि मग सवडीने मळणी करायची, असा हा क्रम आहे. चिखलणीपासून धान घरी आणेपर्यंत बैलाला उसंत नसते. त्यानंतर बांध्या, म्हणजे बांधांनी वेढलेले धानाचे लहान लहान तुकडे, कोरड्या पडतात. ओलाव्यावर लाखोळी किंवा जवस घेतला जातो, पण त्याला नांगराची गरज नसते. उन्हाळी धानाची सोय होण्यापूर्वीच्या काळात एका पिकावर जगणाऱ्या या मुलखात मार्गशीर्षापासून महाशिवरात्रीपर्यंत माणूस आणि बैल दोघेही मोकळे असत, घरात नवे धान असे आणि हातात थोडाफार पैसाही असे. पट याच काळात भरे. महाशिवरात्र, नंदी आणि शंकर यांच्याशी या शर्यतीचे नाव श्रद्धेने जोडले गेले असले, तरी तिच्या तारखा धानाने ठरवल्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

धानाच्या पाठीशी तलाव होते आणि तलावांच्या पाठीशी जमीनव्यवस्था होती. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याची पद्धत होती, आणि तलाव व बांध उभारण्यात कोहळी समाजाने मिळवलेले नैपुण्य आजही या भागात सर्वमान्य आहे. पुढे १७५१ च्या सुमारास चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन तो इंग्रजी अमलाखाली आला, आणि १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारी पद्धत कायम झाली. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा आणि त्या बदल्यात गावावर मालकी हक्क मिळालेला जमीनदार. त्याच्या ताब्यातील तलाव आजही सरकारी कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. गावातील उत्तम बैल मालगुजाराच्या किंवा मोठ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात असत, कारण पेंड आणि सरकी घालून, वर्षातील निम्मा काळ कामाशिवाय बैल पोसणे इतरांना परवडणारे नव्हते. ही जोडी सांभाळण्याचे काम मात्र सालगड्याचे, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे असे. बैल मालकाचा आणि बैलाची ओळख गड्याची, अशी ही विभागणी होती. जिंकल्यावर फेटा मालकाच्या डोक्याला बांधला जाई, हे त्या व्यवस्थेला धरूनच होते.

गाडीच्या पुढच्या टोकाला, जेथे दांड्या जुवाला मिळतात, त्या भागाला धुरा म्हणतात, आणि तेथे बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. पटासाठी वापरला जाणारा छकडा हा धान वाहण्याच्या खासरापेक्षा किंवा पाहुणे नेण्याच्या रेंगीपेक्षा अगदी वेगळा असतो. त्यात बसण्यापुरती जागा सोडली तर जवळजवळ काहीच नसते, आणि चाके व दांड्या इतक्या हलक्या ठेवलेल्या असतात की बैलांना ओझे असे जाणवू नये. दोन समांतर पट्ट्यांवर दोन जोड्या एकदम सुटतात, झेंडी पडते आणि काही सेकंदांत सारे संपते. त्या सेकंदांत धुरकऱ्याला दोन भिन्न स्वभावांचे बैल एका वेगात ठेवायचे असतात, कारण डावा पुढे आणि उजवा मागे राहिला तर जू तिरके होते आणि गाडी पट्टी सोडून प्रेक्षकांत शिरते. कासरा किती ढिला सोडायचा, कोणत्या बैलाला आवाज पुरतो आणि कोणत्याला हाताचा स्पर्श लागतो, सुटताना बुजणारा बैल कोणत्या बाजूला जुंपायचा, या गोष्टी त्याला शर्यतीच्या आधीच ठाऊक असाव्या लागतात. त्याचे खरे काम म्हणूनच पटाच्या दिवशी नसून आधीच्या दोन महिन्यांत असते: पहाटे जोडी फिरवणे, चिखलणीने दुखावलेले खूर बरे करणे, नदीच्या वाळूत चालवून पायात बळ आणणे, आणि गर्दीच्या व वाजंत्रीच्या आवाजाची बैलांना सवय करणे.

महाराष्ट्राच्या इतर भागांतील शर्यतींशी तुलना केली तर धुरकऱ्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत चढाच्या घाटावर बैलगाडा पळतो. तेथे गाड्यापुढे घोडी धावते आणि घोडीवर स्वार असतो, परंतु गाड्यात शेवटपर्यंत हाकणारा माणूस असतोच असे नाही, आणि कीर्ती गाडामालकाची होते. विदर्भातील पटात मात्र माणूस शेवटच्या टोकापर्यंत गाडीतच असतो, आणि त्याच्या हातावर निकाल अवलंबून असतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील प्रसिद्ध शंकरपटात तर स्त्रियांनीही जोड्या हाकल्या आहेत, यावरून या खेळात बळापेक्षा हातोटीला किती मोल आहे ते कळते.

बैलांच्या बाबतीत झाडीपट्टीची अडचण होती. येथील देशी जनावर लहान चणीचे, चिखलात टिकणारे आणि थोड्या चाऱ्यावर जगणारे आहे; गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या कठाणी नदीवरून ‘कठाणी’ हे नाव मिळालेल्या या गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडे झाली. रोवणीच्या गुडघाभर गाळात हा बैल अद्वितीय, पण सरळ पट्टीवर वेगाने पळण्यात वर्ध्याकडील गवळाऊ जातीची बरोबरी तो करू शकत नाही. मराठा फौजांच्या वाहतुकीत वेगासाठी नावाजलेली गवळाऊ जनावरे म्हणूनच पटाच्या हौसेखातर पूर्वेकडे आणली जाऊ लागली, आणि अशी जोडी विकत घेणाऱ्याला ती हाकू शकणारा माणूसही शोधावा लागू लागला. घरचा गडी घरच्या बैलांना ओळखत असे. विकत आणलेल्या जोडीला ते पुरेसे नव्हते. एका गावचा धुरकरी दुसऱ्या गावच्या मालकाची जोडी हाकू लागला, त्याच्या येण्याजाण्याची, जेवणाखाण्याची आणि बिदागीची बोली आधी होऊ लागली, आणि इनामात त्याचा वाटा ठरू लागला, तेव्हा सालगडीपणातून एक स्वतंत्र पेशा वेगळा झाला. दक्षिणेकडे, आलापल्लीच्या सागवनांतून आणि बांबूच्या कूपांतून बल्लारपूरकडे माल वाहणाऱ्या गाडीवानांतही जोडी सांभाळण्याची अशीच विद्या होती, पण ती ओझ्याची विद्या होती, वेगाची नव्हे.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. मालगुजाराचा वाडा मागे पडला, पण पट बंद झाला नाही. तो गावातील मंडळांच्या हाती गेला. वर्गणी काढून इनाम ठेवायचे, पत्रके छापायची, आसपासच्या गावांना आवतण द्यायचे आणि दोन-तीन दिवसांचा ‘भव्य इनामी शंकरपट’ भरवायचा, ही पद्धत तेव्हापासूनची. पटाला आलेली माणसे रात्री कोठे जाणार, या साध्या प्रश्नातून या खेळाची आणि झाडीपट्टी रंगभूमीची गाठ पडली. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांची परंपरा येथे जुनीच होती. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईला आणि पटाला जोडून रात्रभराचे नाटक ठेवण्याचा प्रघात पडला, आणि पाहुण्यांचा मुक्काम म्हणजे तिकीट घेणारा प्रेक्षक, हे गणित मंडळांना लवकरच उमगले. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या रेल्वेने वडसा हे स्थानक बाजारपेठ बनवले होते. तेच पुढे नाटक कंपन्यांचे केंद्र झाले. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन नाटक घेते, मंडप उभारते, तिकिटे विकते आणि नफातोटा सोसते. दिवसा पट आणि रात्री नाटक, अशा जोडीने गावाचा हिशेब जमत असे, आणि पटाचा खर्च पुष्कळदा नाटकाच्या उत्पन्नातून निघत असे.

मोसमावर जगणारा खेळाडू ही काही झाडीपट्टीचीच गोष्ट नाही. कॅनडातील माँट्रियल शहरात ३ मार्च १८७५ रोजी बंदिस्त मैदानावर बर्फावरील हॉकीचा पहिला नोंदलेला जाहीर सामना झाला, आणि पुढची तीसेक वर्षे तो खेळ निसर्गाने गोठवलेल्या पाण्यावरच अवलंबून होता. तळी गोठली की मोसम सुरू आणि वितळली की संपला. त्या काळी पैसे घेऊन खेळणे कमीपणाचे मानले जाई. उघडपणे वेतन देणारी पहिली संघटना १९०४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील तांब्याच्या खाणींच्या मुलखात स्थापन झाली, कारण तेथे खाणकामगारांच्या हाती पैसा होता आणि लांबलचक हिवाळ्यात करमणुकीची वानवा होती. ती १९०७ मध्येच मोडली. फ्रेड टेलर या नामांकित खेळाडूने १९०९-१० च्या मोसमात रेनफ्र्यू या छोट्या गावच्या संघाकडून सुमारे दोन महिन्यांसाठी ५,२५० डॉलर घेतले, आणि हाच टेलर एरवी ओटावात सरकारच्या स्थलांतर खात्यात कारकुनी करत होता. कृत्रिम बर्फाची मैदाने, १९१७ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना आणि १९६७ मध्ये उभी राहिलेली खेळाडूंची संघटना असे टप्पे ओलांडत तो पेशा स्थिर झाला, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक खेळाडू उन्हाळ्यात दुसरी नोकरी करूनच संसार चालवत. कोरड्या बांध्या आणि गोठलेली तळी यांत साम्य आहे ते इतकेच की दोन्हीकडे रिकाम्या ऋतूने खेळ दिला. फरक पुढच्या वाटचालीत पडला: तेथे करार माणसाच्या नावे झाला, सामन्यांच्या नोंदी माणसाच्या नावे राहिल्या, आणि म्हणून शंभर वर्षांनंतरही टेलरचे वेतन सांगता येते.

धुरकऱ्याच्या वर्षाची मांडणी टेलरच्या वर्षाहून फार निराळी नव्हती. पटाचा मोसम संपला की फाल्गुन-चैत्रात मोहफूल वेचायचे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर जायचे, पावसाळा लागताच रोवणीला उभे राहायचे, आणि धान घरात आले की पुन्हा जोडीकडे वळायचे, असे त्याचे वेळापत्रक असे. त्याच्या पेशाची वर्षेही मोजकीच. अंगात चपळाई आणि वजन कमी, तोवरच छकड्यात बसता येते. गाडी उलटून हात-पाय मोडणे हा या खेळातील नित्याचा धोका आहे, आणि हाड नीट न जुळलेला माणूस पुढे जोडी तयार करणारा, बैल पारखणारा किंवा झेंडी पाडणारा होतो. या दुसऱ्या भूमिकेत मान असतो. उत्पन्न असतेच असे नाही.

१९८० नंतर ट्रॅक्टर आला आणि बैलाचे स्थान बदलले. चिखलणी आणि मळणी यंत्राने होऊ लागल्यावर गावातील बैलांची संख्या घटली, पण पटाच्या जोडीची किंमत मात्र वाढत गेली, कारण आता ती केवळ पळण्यासाठी ठेवलेली जोडी होती. पूर्वी नांगर ओढणारा बैल हिवाळ्यात पळत असे. आता पळणारा बैल वर्षभर पळण्याचीच तयारी करू लागला. त्याला स्वतंत्र खुराक, स्वतंत्र गडी, वाहनातून प्रवास आणि स्वतःचे नाव मिळाले; झेंडीबरोबर हाताने दाबायच्या घड्याळाच्या जागी सेकंदाचे अंश दाखवणारी यंत्रे आली आणि इनामांत रोख रकमेच्या जोडीला मोटारसायकली दिसू लागल्या. एका अर्थाने बैल पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू झाला आणि त्याला हाकणारा माणूस मोसमी मजूरच राहिला, ही या इतिहासातील सर्वांत विपरीत गोष्ट होय.

पैसा वाढला तसा अत्याचारही वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. टोकाला खिळा बसवलेली तुतारी, शेपटी पिरगाळणे व चावणे, विजेचा झटका देणारी उपकरणे, असे प्रकार देशातील अनेक शर्यतींत आढळले आणि न्यायालयांपुढे मांडले गेले. केंद्र सरकारच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने ज्या प्राण्यांचे प्रदर्शन व प्रशिक्षण करता येत नाही त्या यादीत बैलाचा समावेश झाला, आणि पुढील तीन वर्षे बंदी, आव्हान व तात्पुरती सूट अशा हेलकाव्यांत गेल्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच बैलगाड्यांच्या शर्यतीही बेकायदा ठरवल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने दिलेली सूट आठवडाभरातच स्थगित झाली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून नियमांच्या अधीन राहून शर्यतींना वाट करून दिली, पण मुंबई उच्च न्यायालयाने तिलाही रोखले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. नव्या नियमांनी धावपट्टीला कमाल लांबीची मर्यादा घातली, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम आणि बैलांची वैद्यकीय तपासणी आवश्यक केली, काठी, चाबूक व विजेच्या उपकरणांना मनाई केली, आणि उल्लंघनाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. यांतील बहुतेक अटी रास्त आहेत. जुना जाणता धुरकरी तुतारीला हात न लावता जोडी पळवत असे, आणि नियम एका परीने त्याच्याच बाजूचे आहेत.

परंतु २०१४ ते २०२१ या काळात एकूण सात हिवाळे कोरडे गेले, त्याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नाही. बैलाचे पळण्याचे आयुष्य साधारण इतकेच असते, तेव्हा बैलांची एक संपूर्ण पिढी पट्टी न पाहताच संपली. माणसाच्या बाबतीत विशीत शिकलेला हात तिशीच्या उंबरठ्यावर येऊन थांबला, आणि ज्याच्याकडून शिकायचे ते वडीलधारे या काळात हळूहळू दूर झाले. पट बंद पडल्यावर कित्येक गावांत नाटकाला जमणारा प्रेक्षकही रोडावला. परवानगी मिळून एक मोसम उलटतो न उलटतो तोच २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यभर जनावरांच्या शर्यती आणि बाजार थांबवावे लागले. त्यानंतर झाडीपट्टीत पट पुन्हा भरू लागले आहेत, गर्दीही पूर्वीसारखी होते, आणि लाखांच्या इनामांची पत्रके चौकाचौकांत लागतात. हाकणाऱ्यांत मात्र नवशिक्यांचा भरणा आहे, आणि वेगाच्या हव्यासात गाड्या उलटण्याचे प्रसंग घडतात.

पट आणि नाटक या दोन जुळ्या व्यवसायांचे दैव कसे वेगळे निघाले ते पाहण्यासारखे आहे. पटाच्या आधाराने वाढलेल्या नाटकाला कंपन्या मिळाल्या, कलावंताला प्रयोगागणिक मानधन मिळाले, पत्रकावर नाव आणि छायाचित्र मिळाले, आणि २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांच्या रूपाने पद्मश्रीही मिळाली. झाडीबोलीचा अभ्यास झाला, तिच्या साहित्याची संमेलने भरली, रंगभूमीवर प्रबंध लिहिले गेले. याच मंडपाच्या मागच्या मैदानात दिवसभर जोडी हाकणाऱ्या माणसाच्या नावे मात्र ना नोंद आहे, ना अपघाताच्या विम्याची रीत, ना म्हातारपणाची तरतूद. इनाम जोडीच्या मालकाच्या आणि गावाच्या नावाने पुकारले जाते, बैलाचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी राहते, आणि धुरकरी छकडा सोडून पाणी पाजायला जोडी घेऊन जातो. नट शब्दांवर जगतो म्हणून त्याचे लिहून राहिले आणि धुरकऱ्याची विद्या हातात असते म्हणून ती राहिली नाही, असे समर्थन करता येईल. पण ते अपुरे आहे, कारण बर्फावरील हॉकीचीही विद्या हातापायांतच होती, आणि तिची नोंद झाली ती निकालपत्रकावर माणसाचे नाव लिहिण्याच्या साध्या सवयीमुळे.

ही सवय लावून घेणे आजही अवघड नाही. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि १९७० च्या आसपास छकड्यावर बसलेले धुरकरी ब्रह्मपुरीपासून कुरखेड्यापर्यंतच्या गावांत आज सत्तरी-पंच्याहत्तरीत असतील. त्यांच्याकडून मालक, गावे, जोड्या, बोली आणि बिदागी यांची माहिती लिहून घेण्याचे काम येत्या काही वर्षांतच करावे लागेल. पट भरवणाऱ्या मंडळांनी तर कोणाची वाट पाहण्याचेही कारण नाही: पुढच्या मोसमाच्या निकालात जोडीच्या आणि मालकाच्या नावापुढे धुरकऱ्याचे नाव लिहावे, आणि प्रवेश फीमधून त्याचा विमा उतरवावा.